मालमोटारींचा धूर : दोष कोणाचा, दंड कोणाला?

खंबाटकीचा किंवा कसाऱ्याचा घाट चढणाऱ्या मालमोटारींच्या मागे ज्याला कधी अडकून पडावे लागले असेल, त्याला या लेखाचा विषय समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पुढची गाडी गिअर बदलते, क्षणभर थबकते आणि काळ्या धुराचा लोट सोडून पुन्हा रांगू लागते. मागच्या एस.टी.तील बाया पदर नाकाला लावतात, दुचाकीवरचा तरुण मान फिरवतो. त्या मालमोटारीच्या केबिनमध्ये मात्र, विम्याच्या कागदांशेजारी, तिचा धूर शासनाने ठरविलेल्या मर्यादेत असल्याचा दाखला बहुधा जपून ठेवलेला असतो. आता तर तो संगणकावरही नोंदलेला असतो. धूर डोळ्यांना दिसतो आहे आणि दाखला म्हणतो आहे की धूर नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. तरीही आपली व्यवस्था विश्वास ठेवते तो दाखल्यावर. आणि धूर कमी झाला नाही की दाखला नसल्याबद्दलचा दंड तेवढा वाढविते. या व्यवस्थेचे अर्थशास्त्र तपासून पाहणे आणि तिच्याविषयी आपल्या कार्यकर्त्यांनी कोणती भूमिका घ्यावी याचा विचार करणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ११५व्या नियमानुसार नोंदणीचे पहिले वर्ष संपले की प्रत्येक वाहनाजवळ प्रदूषण नियंत्रणात असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘पीयूसी’, असले पाहिजे. जुन्या गाड्यांना ते दर सहा महिन्यांनी घ्यावे लागते. भारत स्टेज चार आणि सहा या मानकांच्या गाड्यांना ते वर्षभर चालते. मालवाहू गाडीला याखेरीज योग्यता प्रमाणपत्रही लागते. चालक त्याला ‘पासिंग’ म्हणतात. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी करावे लागते. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर हवेच्या प्रदूषणाची मानके मोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय वाहन चालविण्याचा परवाना तीन महिने निरुपयोगी होतो. पंधरा वर्षांपेक्षा जुन्या जड मालमोटारीच्या योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण पूर्वी १,५०० रुपयांत होई. १ एप्रिल २०२२ पासून त्याला १२,५०० रुपये पडू लागले, आणि पुढेही हा बोजा वाढतच गेला. दाखल्यांची आणि दंडांची ही रांग पाहिली म्हणजे कोणालाही वाटावे की धुराविरुद्धचे युद्ध निकराने चालू आहे.

हे युद्ध आवश्यक आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. नीती आयोगाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अहवालाप्रमाणे आपल्या रस्त्यांवरील एकूण वाहनांत मालमोटारींचे प्रमाण जेमतेम तीन टक्के आहे. परंतु वाहनांतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांपैकी निम्म्याहून अधिक कण त्यांच्या धुराड्यांतून येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या वर्गात केला. त्या निर्णयामागे जो पुरावा होता, त्यात डिझेल यंत्रांच्या सान्निध्यात वर्षानुवर्षे काम केलेल्या अमेरिकन खाणकामगारांचा अभ्यास प्रमुख होता. म्हणजे धुराची किंमत प्रथम कोण मोजतो हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही कामगारांच्या फुप्फुसांतच सोडविला. आपल्याकडे त्या खाणकामगाराच्या जागी कोण आहे? दिवसाचे बारा-चौदा तास केबिनमध्ये बसणारा चालक, गाडीखाली सतरंजी टाकून झोपणारा क्लीनर, चालू इंजिनाच्या मागे उभे राहून पोती उतरवून घेणारा हमाल, टोलनाक्यावरचा वसुलीदार, आणि महामार्गाच्या कडेला पत्र्याच्या खोलीत संसार मांडलेले कुटुंब. तपासणी खरी झाली तर तिचा पहिला लाभ या माणसांना होणार आहे, हे आरंभीच लक्षात ठेवले पाहिजे.

परंतु तपासणी खरी होते का? रूढ पद्धतीत गाडी जागेवर उभी करतात, गिअर काढून ठेवतात, धूरमापकाची नळी धुराड्यात घालतात आणि ‘रेस’ देऊन इंजिन कमाल वेगापर्यंत नेतात. असे काही वेळा करून धुरामुळे प्रकाश किती अडतो त्याची सरासरी काढतात. भारत स्टेज चारच्या पूर्वीच्या डिझेल गाडीला ६५ हार्ट्रिज एककांपर्यंत मुभा आहे, स्टेज चारच्या गाडीला ५० पर्यंत. ही पद्धत सोपी आहे, स्वस्त आहे, आणि इंजिन फार बिघडले असेल तर ते तिच्यातून कळतेही. मात्र ती धुराचा काळेपणा तेवढा मोजते. नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे काळी नसतात, म्हणून ती या परीक्षेत येत नाहीत. प्रकाश फारसा अडवू न शकणारे अतिसूक्ष्म कणही निसटतात. आणि छातीत सर्वांत खोल जाणारे कण तेच. शिवाय परीक्षा होते रिकाम्या, उभ्या गाडीची. धूर निघतो भरलेल्या, चढणीवरच्या गाडीतून.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा हे मानक लागू झाले आणि डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आले. ही मोठीच प्रगती होती. नव्या मालमोटारींत कण अडविणारी गाळणी असते आणि युरियाचे द्रावण फवारून नायट्रोजनची ऑक्साइडे निष्प्रभ करणारी यंत्रणाही असते. परंतु युरियाचा खर्च वाचविण्यासाठी ही यंत्रणा निकामी करून गाडीच्या संगणकाला ती चालू असल्याचे भासविणारी उपकरणे जगभर विकली जातात. ज्या परीक्षेत नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा प्रश्नच नाही, तिच्यात अशी गाडीही पहिल्या वर्गात उत्तीर्ण होईल. यंत्र २०२० सालचे आणि परीक्षा मागच्या शतकातली, असा हा प्रकार आहे.

त्यातही ही परीक्षा प्रत्यक्षात घेतली जाते असे गृहीत धरून आपण चाललो आहोत. प्रस्तुत लेखकाने गतवर्षी एका महामार्गालगतच्या तपासणी केंद्रावर अर्धा तास काढला. गाड्या येत होत्या, क्रमांकाच्या पाटीचे छायाचित्र घेतले जात होते, कागद छापला जात होता. धूरमापकाची नळी खिळ्याला टांगलेली होती. एका केंद्रावरून सर्वांविषयी निष्कर्ष काढू नये, हे संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. म्हणून भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा पुरावा पाहू. दिल्लीतील वाहनांच्या प्रदूषणाविषयीचा त्यांचा अहवाल एप्रिल २०२५ मध्ये तेथील विधानसभेपुढे आला. २०१५ ते २०२० या काळातील नोंदी तपासताना त्यांना असे आढळले की ७,६४३ प्रसंगी एकाच केंद्रावर एकाच वेळी एकाहून अधिक वाहनांची तपासणी झाल्याची नोंद आहे. ७६,८६५ प्रसंगी तपासणी करून दाखला देण्याचे सारे काम एका मिनिटात उरकले आहे. आणि ४,००७ डिझेल वाहनांचा धूर मर्यादेबाहेर असल्याचे आकडे नोंदवूनही त्यांना उत्तीर्ण ठरविण्यात आले आहे. देशाच्या राजधानीत, न्यायालयाच्या सतत देखरेखीखाली ही स्थिती असेल, तर तालुक्याच्या गावातील केंद्राविषयी काय बोलावे?

येथे नीतीचे प्रवचन करून थांबणे सोपे आहे. केंद्रचालक लबाड, गाडीवाले लबाड, अधिकारी लबाड, असे म्हटले की लेख संपतो. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला ते पटत नाही. हजारो माणसे एकाच प्रकारे लबाडी करीत असतील, तर लबाडीचे मूळ माणसांत शोधण्यापूर्वी व्यवहाराच्या रचनेत शोधले पाहिजे. या व्यवहारात परीक्षकाचे मानधन परीक्षार्थी देतो. शे-दीडशे रुपयांच्या शुल्कावर केंद्र चालवावयाचे आहे, आणि परीक्षार्थ्याला कोणत्याही केंद्रात जाण्याची मोकळीक आहे. जो केंद्रचालक चोख तपासणी करून दहातल्या तीन गाड्या परत पाठवील, त्याचे गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात समोरच्या पंपावर जाईल. चोख माणसाचा धंदा बुडावा आणि ढिल्या माणसाचा चालावा, असे नियम आपणच केले आहेत. खाजगी शिकवणीच्या मालकाने आपल्याच विद्यार्थ्यांची शालान्त परीक्षा घ्यावी आणि निकाल शंभर टक्के लागला म्हणून शासनाने समाधान मानावे, त्यातलेच हे आहे.

आता गाडीच्या मालकाकडे वळू. आमचा एक जुना विद्यार्थी पदवीनंतर नोकरी मिळेना म्हणून कर्ज काढून एका जुन्या मालमोटारीचा मालक झाला आणि चालकही. हिशेब नीट ठेवण्याची खोड त्याला वर्गात लागली होती. त्याची वही आम्ही एकदा बारकाईने पाहिली. भाडे ठरविणारा तो नाही. भाडे ठरवितो माल पाठविणारा कारखाना आणि मधला दलाल. डिझेल, टोल, टायर, विमा, कर्जाचा हप्ता, माल चढवताना-उतरवताना द्यावी लागणारी वराई, परतीचे भाडे मिळेपर्यंत रिकाम्या गाडीचे दिवस, आणि वहीत ज्याला नुसते ‘रस्ता’ असे लिहिले होते तो खर्च. या सर्वांत त्याच्या हातात राहणारी बाब एकच, ती म्हणजे दुरुस्ती. इतर खर्च पुढे ढकलता येत नाहीत, दुरुस्ती ढकलता येते. नोझल झिजले आहेत, डिझेल पंपाची जोडणी बिघडली आहे, हे त्याला धूर पाहून आमच्याआधी कळते. परंतु ते काम काढायचे तर पैसा हवा आणि गाडी चार-आठ दिवस उभी राहायला हवी. गाडी उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही. एकीकडे हजारो रुपयांची दुरुस्ती आणि बुडालेले भाडे, दुसरीकडे शे-दीडशे रुपयांचा दाखला. त्याने दाखला निवडला. त्याच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

मालमोटारीला एक आयुष्यक्रम असतो, तोही ध्यानात घेण्याजोगा आहे. नवी गाडी बहुधा मोठा वाहतूकदार घेतो. तिच्या उमेदीची वर्षे तो वापरतो, घसाऱ्याची वजावट घेतो, आणि दुरुस्तीचे दिवस जवळ आले की ती विकून टाकतो. मग ती दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे, महानगरातून जिल्ह्याच्या गावी, लांबच्या मार्गावरून वाळू-खडीच्या आणि उसाच्या फेऱ्यांवर येते. धुराचा रोग जडतो तो तिच्या म्हातारपणी, आणि तेव्हा तिची मालकी सर्वांत दुबळ्या माणसाकडे असते. मुंबईतील धुराने त्रस्त झालेल्या नागरिकांनी उच्च न्यायालयात दाद मागितल्यावर १९९९ मध्ये लाल समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींनंतर त्या महानगरातून जुन्या व्यापारी वाहनांना हद्दपार करण्याचे आदेश निघाले. मुंबईच्या नागरिकांना तो न्याय मिळायलाच हवा होता. पण शहरातून बाद झालेली गाडी नाहीशी होत नाही. ती गावाकडे येते, आणि तिच्याबरोबर तिचा धूर, तिचे शुल्क आणि तिचा दंडही येतो. उमेदीतला नफा एकाने न्यायचा आणि म्हातारपणीचा दंड दुसऱ्याने भरायचा, अशी ही वाटणी आहे.

या साखळीच्या दुसऱ्या टोकाला गाडी बनविणारा आहे. त्याच्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये जड डिझेल इंजिने बनविणाऱ्या सात बड्या कंपन्यांना तेथील सरकारशी तडजोड करावी लागली. त्यांनी इंजिनांच्या संगणकात अशी योजना केली होती की परीक्षेच्या चालीत इंजिन नियमात राही, आणि महामार्गाच्या सरळ चालीत नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा सर्रास ओलांडी. तपासणी चुकविण्याची ही विद्या महामार्गावरच्या ढाब्यावर जन्माला आलेली नाही, ती वातानुकूलित प्रयोगशाळांत जन्मली. आपल्या कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने ११०-अ हे कलम आले असून, पर्यावरणाला हानी पोहोचविणारा दोष एखाद्या प्रकारच्या वाहनात असेल तर ती वाहने परत बोलावण्याचा आदेश कंपनीला देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आहे. परंतु जेथे रस्त्यावरच्या गाडीची खरी मोजणीच होत नाही, तेथे दोष इंजिनाच्या रचनेत आहे की मालकाच्या हयगयीत, हे ठरणार कसे? खोट्या तपासणीचा सर्वांत मोठा लाभधारक कदाचित हा पहिला विक्रेताच असेल.

एवढे सांगितल्यावर आपल्यातील काही मित्र म्हणतील की मग ही तपासणी, ही शुल्के, हे दंड सारेच बंद करा. गरीब गाडीवाल्याला जगू द्या. ही हाक आपल्या परिचयाची आहे, आणि आपणही ती अनेकदा दिली आहे. योग्यता प्रमाणपत्राची मुदत टळल्यास दर दिवसाला ५० रुपये जादा घेण्याचा नियम केंद्राने २०१६ च्या अखेरीस केला. २०२४ मध्ये महाराष्ट्रात त्याची वसुली सुरू होताच रिक्षा, टॅक्सी व मालवाहू गाड्यांचे चालक रस्त्यावर उतरले आणि त्याच वर्षी राज्य शासनाला ती स्थगित करावी लागली. चालकांची तक्रार न्याय्य होती. धुराच्या मोजमापाशी संबंध नसलेला, नुसत्या उशिरावर दिवसागणिक वाढणारा आकार हा तपासणी नव्हे, सावकारी आहे. पण आंदोलन जिंकल्यावर आपण काय केले? स्थगितीचा आदेश हाती आला, पेढे वाटले गेले, आणि चालक पुन्हा त्याच धुरात जाऊन बसला. त्याच्या खिशाची लढाई आपण लढलो, त्याच्या छातीची लढाई लढावी असे आपल्याला सुचले नाही.

ही चूक आपण मान्य केली पाहिजे, कारण ती केवळ डावपेचांची चूक नाही. के. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चाविषयीचा आपला ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध केला. उद्योग आपल्या खर्चाचा मोठा भाग हिशेबाच्या वहीबाहेर ढकलतो आणि तो तिऱ्हाइताला, बहुधा दुर्बलाला, सोसावा लागतो, असे त्याचे प्रतिपादन होते. मालमोटारीचे स्वस्त भाडे हे त्याचे चालते-बोलते उदाहरण होय. सिमेंटची गोणी, साखरेचे पोते, बंदरातून निघालेला कंटेनर यांच्या वाहतुकीचा जो भाग बिलात येत नाही, तो दवाखान्याच्या बिलात येतो. तपासणी रद्द करा असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात हा छुपा खर्च हमालाने आणि चालकानेच सोसत राहावा असे म्हणत असतो. त्यात फायदा गाडीवाल्याचा होत नाही, कारण वाचलेला पैसा दलालाच्या घासाघिशीत भाड्यातून कापला जातो. फायदा होतो तो माल पाठविणाऱ्याचा.

तेव्हा आपली मागणी तपासणी हटविण्याची असता कामा नये. तपासणी खरी करा आणि तिचा खर्च ज्याच्या खिशातून यायला हवा त्याच्याकडून घ्या, अशी ती असली पाहिजे. हे कसे करावे हे महाराष्ट्राला कोणी बाहेरून येऊन शिकविण्याची गरज नाही. १९६९ चा माथाडी कायदा डोळ्यांपुढे आणावा. हमालाला एक मालक नव्हता. तो आज या पेढीचा, उद्या त्या पेढीचा माल उचलीत असे, आणि त्यामुळे त्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. कायद्याने त्रिपक्षीय मंडळे नेमली, पेढ्यांची नोंदणी केली आणि मजुरीवर लेव्ही बसवून भविष्यनिर्वाह निधी व इतर लाभ उभे केले. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत आणि बाबा आढाव यांनी पुण्याच्या हमाल पंचायतीत जी संघटना बांधली, तिच्यामागचे तत्त्व एकच होते : जो श्रमाचा लाभ घेतो, तो श्रमिकाची जबाबदारी झटकू शकत नाही. एका गाडीचा मालक-चालक आज त्या काळच्या हमालाच्याच जागी उभा आहे. कागदोपत्री तो मालक आहे. व्यवहारात तो अनेक पेढ्यांचा, पण कोणाचाच नसलेला मजूर आहे.

त्याच्यासाठी आम्ही पाच गोष्टी सुचवितो. पहिली अशी की मोठ्या कारखान्यांच्या, गोदामांच्या, साखर कारखान्यांच्या आणि बंदरांच्या प्रत्येक बिल्टीवर अल्पशी लेव्ही बसवावी आणि त्यातून जिल्हावार निधी उभारावा. वाहतूकदार, चालक व शासन यांच्या मंडळाने तो चालवावा, आणि तपासणीत नापास झालेल्या छोट्या मालकाला त्यातून दुरुस्तीसाठी बिनव्याजी कर्ज व दुरुस्तीच्या दिवसांचा हप्ता भरण्यास साहाय्य मिळावे. दुसरी, वैध प्रमाणपत्राविना गाडीत माल भरणाऱ्यालाही दोषी धरावे. ही कल्पना स्वप्नाळू नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१९ च्या कायद्यान्वये जड वाहनांच्या नियमित तपासणीचा जो कार्यक्रम २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सुरू केला, त्यात आपण भाड्याने घेत असलेली गाडी नियमात आहे की नाही हे पाहण्याचे कर्तव्य मालवाहतुकीचे ठेकेदार व दलाल यांच्यावरही टाकलेले आहे. जो देश बाजाराला देव मानतो, तेथे हे होऊ शकते. येथे का होऊ नये?

तिसरी गोष्ट, तपासणीचे शुल्क केंद्राला थेट मिळू नये. ते शासनाकडे जमा व्हावे, कोणती गाडी कोणत्या केंद्रात जाईल हे सोडतीने ठरावे, आणि उत्तीर्ण गाड्यांपैकी काहींची अचानक फेरतपासणी होऊन प्रत्येक केंद्राचे निकाल जाहीर व्हावेत. मानवी हस्तक्षेप टाळणारी स्वयंचलित तपासणी केंद्रे जड वाहनांसाठी १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची करण्याचे केंद्राने योजिले होते. केंद्रेच पुरेशी उभी न राहिल्याने ती तारीख १ ऑक्टोबर २०२४ वर ढकलावी लागली. यंत्रे यावीत, त्यांना आमचा विरोध नाही. परंतु केंद्र चालविणाऱ्या कंपनीचे उत्पन्न जर गाडीवाल्याच्या शुल्कावरच राहणार असेल, तर खिळ्याला टांगलेली नळी जाऊन तिच्या जागी महागडी नळी येईल, इतकाच फरक पडेल. चौथी, नव्या गाड्यांत धुराच्या यंत्रणेची नोंद ठेवणारा संगणक असतोच; तो वाचण्याची सोय प्रत्येक केंद्रात व्हावी, म्हणजे काळेपणापलीकडचे दोषही कळतील आणि एकाच कंपनीच्या गाड्या वारंवार नापास होत असतील तर ११०-अ कलमाला जाग येईल. आणि पाचवी, नापास गाडीला प्रथम दंड न करता ठराविक मुदत द्यावी. मुदतीत दुरुस्ती न झाल्यास मात्र मुलाहिजा ठेवू नये.

यावर एक आक्षेप येईल की लेव्हीचा भार अखेर मालाच्या किंमतीत मिसळून ग्राहकावरच पडेल. काही अंशी तो पडेल, हे आम्ही नाकारीत नाही. पण ग्राहक आजही तो भार सोसतोच आहे. फरक इतकाच की आज तो महामार्गाकाठच्या ग्राहकावर अधिक आणि बंगल्यातल्या ग्राहकावर कमी पडतो. शेकडो पोत्यांच्या भारावर विभागलेली लेव्ही प्रत्येक किलोमागे नगण्य ठरते, आणि फुप्फुसांवर पडणारा भार असा विभागून घेता येत नाही. दुसरा आक्षेप शासनाच्या अकार्यक्षमतेचा. तो रास्त आहे. दाखल्याला दाखला जोडून कार्यक्षमता येत नाही हेही आपण पाहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये पीयूसी नसेल तर विमा देऊ नये असा आदेश दिला. विम्याविना धावणाऱ्या गाड्यांची संख्या पाहून जुलै २०२४ मध्ये त्यालाच तो बदलावा लागला. म्हणूनच मंडळात चालकांचे आणि हमालांचे प्रतिनिधी हवेत असा आमचा आग्रह आहे. ज्याच्या छातीत धूर जातो, तो नळी खिळ्याला टांगू देणार नाही.

शेवटी आपल्या कामाविषयी. गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे धनंजयराव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी गोगटे यांनी १९३५ मध्ये मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटर-बस वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध केली होती. साधने तुटपुंजी असताना त्या पिढीने आधी वस्तुस्थिती गोळा केली आणि मग मत दिले. आपल्या प्रत्येक तालुका शाखेला तेवढे जमण्यासारखे आहे. महामार्गालगतच्या एका ट्रक अड्ड्यावर आठ दिवस बसावे. किती गाड्या एकट्या मालकाच्या आहेत, भाडे कोण ठरवितो, शेवटची दुरुस्ती केव्हा झाली, दाखला कोठे आणि किती मिनिटांत मिळाला, चालकाला खोकला किती दिवसांपासून आहे, हे नोंदवावे. जवळच्या तपासणी केंद्रावर उभे राहून नळी धुराड्यात जाते की नाही हे पाहावे. ही माहिती घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि परिवहन कार्यालयाकडे जावे. त्याच दिवशी ती घेऊन चालकांच्या सभेतही जावे आणि तुमच्या दंडाइतकाच तुमचा धूरही आमच्या चिंतेचा विषय आहे, असे त्यांना स्पष्ट सांगावे. सभेत काही जण उठून जातील. त्यांना दोष देऊ नये. आजवर आपणच त्यांना अर्धी गोष्ट सांगत आलो आहोत.

आमच्या त्या विद्यार्थ्याने वही परत घेताना सांगितलेले एक वाक्य मनातून जात नाही. तो म्हणाला, “सर, पासिंगला गाडी नेतो तेव्हा भीती वाटते ती गाडी नापास होईल याची नाही. पास होईल, आणि मी पुन्हा वर्षभर याच धुरात बसेन, याची वाटते.” नियमाचे पालन करण्याची इच्छा त्याच्या ठिकाणी होती, ऐपत नव्हती. ती ऐपत त्याला मिळवून देणे हेच आपल्यापुढचे काम आहे.